पार्श्वभूमी : गन बसते, चार्जर मात्र सुरू होत नाही

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढेपर्यंत बॅटरीचा आकडा कसा घसरतो, हे इथल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना सांगायला नको. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात मग जो पहिला फास्ट चार्जर दिसेल, त्याच्याकडे गाडी वळते. तो चार्जर दुसऱ्याच कार कंपनीचा निघाला, तर चालेल का? आज बहुतेक ठिकाणी चालतो. तरी हा प्रश्न अजून विचारला जातोच, आणि त्याचं मूळ गाडीत कमी, सरकारी कागदात जास्त आहे.

गनचा, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाला असलेल्या, गाडीत बसवायच्या प्लगचा घोळ एकेकाळी खरोखरच होता. २०१७ मध्ये आपल्याकडे 'भारत डीसी-००१' हे मानक आलं. जेमतेम १५ किलोवॅट आणि १०० व्होल्टच्या आतलं. तेव्हाच्या छोट्या बॅटरीच्या, मुख्यतः सरकारी ताफ्यातल्या आणि टॅक्सीच्या गाड्यांना ते पुरायचं. डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक स्टेशनवर पाच प्रकारचे चार्जर बंधनकारक केले : फास्ट चार्जिंगचे सीसीएस आणि जपानी चाडेमो, एसी विजेचा टाइप-२ आणि भारत मानकाचे दोन. हेतू चांगला, खर्च मात्र अवाढव्य. चाडेमोची गाडी रस्त्यावर शोधूनही सापडत नव्हती, पण तिच्यासाठी ५० किलोवॅटचं यंत्र बसवायचं! वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ही सक्ती मागे घेतली गेली आणि कोणता चार्जर लावायचा हे स्टेशनवाल्यावर सोडलं. त्याच सुमारास मोठ्या बॅटरीच्या ज्या गाड्या बाजारात आल्या, त्यांनी सीसीएस-२ (सीसीएसचाच एक प्रकार) घेतलं आणि गनचा प्रश्न आपोआप निकालात निघाला.

म्हणून चार्जर सर्वांना खुले झाल्याच्या अमेरिकेतल्या बातम्या इथे जशाच्या तशा लावू नयेत. तिथे सर्वांत मोठं जाळं असलेल्या कार कंपनीची गनच वेगळी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने तो आराखडा इतरांना खुला केला, २०२३ पासून प्रतिस्पर्धी कंपन्या एकेक करून करारात आल्या आणि त्यांच्या ग्राहकांना अडॅप्टर मिळाले. आपल्याकडे अडॅप्टर लागत नाही. लागते ती परवानगी.

आणि इथेच 'सार्वजनिक' हा शब्द आडवा येतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणं ही विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे. त्यामुळे परवाना नको. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. त्याच्याशिवाय ढाब्यावर चार्जर उभाच राहिला नसता. पण सेवा म्हटली की ती कुणाला द्यायची, हेही आलं. जानेवारी २०२२ च्या सुधारित सूचनांनी व्याख्या दिल्या. जिथे कोणतीही इलेक्ट्रिक गाडी चार्ज होऊ शकते ते सार्वजनिक स्टेशन. मालकाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या ताब्यातल्या गाड्यांसाठीच असलेलं, ते खासगी वापराचं; उदाहरणार्थ बस डेपो, कंपन्यांचे ताफे. तिथे इतरांची गाडी पैसे घेऊन चार्ज करायची नाही.

आता शोरूमच्या आवारातला चार्जर कशात बसवायचा? ग्राहकाने विकत घेतलेली गाडी काही कंपनीच्या मालकीची राहत नाही, ताब्यातही नसते. म्हणजे 'फक्त आमच्या ब्रँडच्या गाड्यांसाठी' अशी पाटी लावलेला, पैसे घेणारा चार्जर धड सार्वजनिक नाही आणि धड खासगीही नाही. नाशिकमध्येच एका शोरूमच्या रखवालदाराने मला गेटवरून परत पाठवलं होतं, तेव्हा आत दोन्ही गन मोकळ्या होत्या. त्याची चूक नव्हती. त्याला जे सांगितलं होतं ते तो करत होता. कंपन्यांची बाजू अशी, की यंत्र आमच्या पैशाचं, जागा आमची, आणि आमच्या ग्राहकाला रांगेत का उभं करायचं? यात तथ्य आहे. पण जिथे सरकारी अनुदान घेतलं, तिथे हा युक्तिवाद लंगडा पडतो.

राज्यापुरतं बोलायचं, तर महाराष्ट्राच्या जुलै २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात नाशिक शहरासाठी १०० चार्जिंग स्टेशनांचं लक्ष्य होतं, आणि मुंबई-नाशिक व नाशिक-पुणे हे रस्ते २०२५ पर्यंत इलेक्ट्रिक वाहनांसाठी सज्ज करायचे होते. किती गन, हे त्यात आलं. कुणाच्या गाडीला, यावर फारसा जोर नव्हता.

दुचाकीवाल्यांची गोष्ट उलट्या दिशेने गेली. तिथे प्रत्येकाची गन वेगळी होती, पण एका कंपनीने २०२१ मध्ये आपला कनेक्टर इतरांना खुला केला आणि २०२३ मध्ये त्यावर भारतीय मानकाची मोहोर उमटली. चारचाकीवाल्यांना गन एक मिळाली आणि ॲप दहा.

आता उरलेला अडथळा ॲपचाच आहे. केंद्राच्या सूचनांमध्ये प्रत्येक स्टेशनने किमान एका ऑनलाइन सेवेशी जोडून घ्यावं, एवढंच होतं. 'किमान एका'चा अर्थ बहुतेकांनी 'फक्त आपल्या' असा घेतला. त्यामुळे ॲप वेगळं, ओटीपी वेगळा, वॉलेटमध्ये आगाऊ पैसे वेगळे. घाटाखाली मोबाइलला रेंज नसेल तर संपलंच. माझेच तीन वॉलेटमध्ये मिळून दोनेकशे रुपये अडकले आहेत, आणि त्यातलं एक ॲप मी कधीच काढून टाकलंय.

अलीकडे कार कंपन्यांनीच आपली जाळी सर्वांना खुली असल्याच्या घोषणा केल्या आहेत, काहींनी १८० किलोवॅटचे नवे चार्जर कोणत्याही ब्रँडसाठी ठेवले आहेत. केंद्राच्या ऑक्टोबर २०२४ पासूनच्या योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत, आणि २०२५ मध्ये देशभरासाठी एकच ॲप आणण्याचं जाहीर झालं. सिंहस्थाची धांदल २०२६ च्या अखेरीस सुरू होते. तेव्हा बाहेरगावच्या गाड्या नाशकात आल्यावर त्यांच्या चालकांच्या मोबाइलमध्ये इथलं कुठलंच ॲप नसणार.