डार्विनच्या तोंडातला भुंगेरा ते आजचा कीटक सर्व्हे

शाळा-कॉलेजची मुलं जाळं आणि मोबाईल घेऊन झुडपांत वाकलेली दिसतात ना, ते काही आजचं खूळ नाहीये, फक्त आधी त्याला सर्व्हे म्हणत नव्हते, छंद म्हणायचे, आणि छंद म्हणजे किडा पकडा, मारा, टाचणीला टोचा, पेटीत लावा. चार्ल्स डार्विन केंब्रिजला शिकत होता तेव्हा भुंगेऱ्यांच्या मागे नुसता वेडा झाला होता. एकदा जुनी साल सोलली तर खाली दोन दुर्मिळ भुंगेरे, दोन्ही हातांत एकेक धरला, तेवढ्यात तिसरा दिसला, मग काय, उजव्या हातातला सरळ तोंडात टाकला! त्याने असला जळजळीत रस सोडला की जीभ पोळली, थुंकावाच लागला, आणि तिसराही हातचा गेला.

किस्सा भारी आहे, पण असल्या कलेक्शनची गोची अशी की जो तो दुर्मिळ किड्यामागे. रोजची माशी कोण टोचून ठेवणार? त्यामुळे पेटी बघून किडा तिथे होता एवढं कळतं, किती होते आणि नंतर कमी झाले का, ते नाही कळत.

खरा बदल झाला तो मोजायला लागल्यावर. ब्रिटनमध्ये 1976 पासून फुलपाखरं मोजतात, पद्धत अगदी साधी: ठरलेली वाट, एकसारखा वेग, एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला, आणि वाटेवरच्या 5 मीटर रुंद पट्ट्यातलीच मोजायची, लांबचं कितीही सुंदर असलं तरी नाही.

दुसरं म्हणजे मॅलेझ ट्रॅप. रेने मॅलेझ नावाच्या स्वीडिश माणसाने प्रवासात बघितलं की तंबूत शिरलेले किडे बाहेर पडायला वरच्या कोपऱ्याकडे जातात, म्हणून त्याने वर बाटली लावलेला तंबूच बनवला, 1937 मध्ये त्यावर लिहिलंही. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक मंडळाने हेच ट्रॅप 63 संरक्षित जागी लावले आणि सापडलेले किडे चक्क वजन करून नोंदवले, 27 वर्षं! 2017 मध्ये हिशोब छापून आला, उडणाऱ्या किड्यांचं वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलेलं. नुसत्या पेट्या भरल्या असत्या तर हे कधी बाहेर आलं असतं?

त्यानंतर सोपं झालं ते ओळखणं. 2003 मध्ये डीएनए बारकोडिंगची, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखायची, कल्पना पुढे आली, 2008 मध्ये आयनॅचरलिस्ट, म्हणजे फोटो टाकून जीव ओळखायची वेबसाइट, तेही विद्यार्थ्यांच्याच प्रोजेक्टमधून निघालेलं. फोटोवरून सगळं ओळखता येत नाही हं, बारीक माश्या आणि गांधीलमाश्यांना फोटो बघून जातीचं नाव देणं बऱ्याचदा तज्ज्ञांनाही जमत नाही, तिथे गटाचं नाव लिहून थांबलेलं बरं.

आणि सर्व्हेच्या फॉर्ममध्ये एकही किडा दिसला नसेल तर शून्यच लिहायचं. रकाना रिकामा सोडला की मोजलंच नाही की मोजलं आणि एकही दिसला नाही, हे पुढच्या वर्षीच्या बॅचला कसं कळणार?