पासवर्ड एकदाच, ओळख दिवसभर

सप्टेंबर २०१८मध्ये फेसबुकनं सुमारे ९ कोटी खाती एकदम लॉगआउट करून टाकली. कुणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता आणि तो बदला असंही कुणाला सांगितलं नाही. चोरांनी वेगळीच वस्तू लांबवली होती: लॉगिन झाल्यावर ॲपला मिळणारं टोकन, म्हणजे दिसायला अर्थहीन अशी अक्षरांची लांबलचक माळ. ती ज्याच्या हाती, तो फेसबुकच्या लेखी खातेदारच. ५ कोटी टोकनं धोक्यात आली म्हणून रद्द झाली, आणखी ४ कोटी खबरदारी म्हणून.

लॉगिनचा विषय निघाला की चर्चा पासवर्डभोवतीच फिरते. किती अक्षरं हवीत, आकडा हवा का, दर तीन महिन्यांनी बदलायचा का. पण वेबसाइट पासवर्ड बघते एकदाच. त्यानंतर तुम्ही दिवसभर जी शेकडो पानं उघडता, ती सगळी या माळेच्या भरवशावर. वेब ॲप्लिकेशनला लॉगिन जोडताना खरी कसोटी लागते ती इथे.

ही उठाठेव करावी लागते, कारण वेब मुळातच विसराळू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत वेबची आखणी केली तेव्हा काम साधं होतं: ब्राउझरनं पान मागायचं, सर्व्हरनं द्यायचं, विषय संपला. पुढची विनंती आली की सर्व्हरला ती कुणा अनोळखी माणसाकडूनच आल्यासारखी वाटते. लेख वाचण्यापुरतं हे छान चालतं. खरेदीची टोपली भरायची म्हटलं की अडतं. १९९४मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला. सर्व्हर उत्तरासोबत एक छोटासा मजकूर पाठवतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला न चुकता जोडतो. वेबची स्मरणशक्ती ती एवढीच.

सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत साइटनं तुमची ठेवलेली ओळख, उभं राहतं ते याच आधारावर. सामान ठेवून घेणाऱ्या खिडकीवर बिल्ला मिळतो, तसं हे आहे. बिल्ल्यावर नुसता क्रमांक असतो. कोणाचं काय ठेवलंय हे खिडकीमागच्या वहीत. कुकीतही फक्त सेशनचा क्रमांक असावा. खातेदार कोण, कधी आला, त्याला काय काय करायची मुभा आहे, हे सारं सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये. आणि बिल्ला दाखवणाऱ्याला ‘हा तुझाच कशावरून’ असं कुणी विचारत नाही.

म्हणून तो क्रमांक कुणाला अंदाजानं सांगता येता कामा नये. ओळीनं १, २, ३ देणं किंवा घड्याळाच्या वेळेवरून बनवणं म्हणजे चोराला आमंत्रण. सहसा १२८ बिटांची यादृच्छिक संख्या वापरतात, तीही गुप्तलेखनासाठी बनवलेल्या साधनातून काढलेली. अशा संख्यांच्या शक्यता मोजायला ३९ अंकी आकडा लागतो. सेकंदाला अब्जावधी अंदाज करत बसलं तरी विश्वाचं आजवरचं वय पुरणार नाही.

पासवर्डचाही इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्यातली एक घटना फारच बोलकी आहे. एमआयटीतली सीटीएसएस ही पासवर्ड वापरणाऱ्या पहिल्यावहिल्या संगणक प्रणालींपैकी एक. १९६६मध्ये तिथे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी उमटली! पासवर्ड जसाच्या तसा साठवला की तो कधीतरी असा बाहेर पडतो. २००९मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेही उघड्या मजकुरात. म्हणजे चाळीस वर्षांनीही तीच गत.

यावरचा उपाय म्हणजे हॅश: पासवर्डवर ठरलेलं गणित करून मिळणारी अक्षरांची माळ, जी पासवर्डऐवजी साठवायची. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून उलट पासवर्ड काढता येत नाही. लॉगिनच्या वेळी दिलेल्या पासवर्डचा हॅश काढून साठवलेल्याशी ताडून बघायचा. पण चोर उलट गणित करायच्या फंदात पडतच नाही, तो अंदाज करतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९च्या निबंधात ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा ८६ टक्के सहज हाती लागण्याजोगे निघाले. प्रत्येक पासवर्डला वेगळी यादृच्छिक भर घालायची, म्हणजे एकच हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही, ही सॉल्टची युक्ती त्याच निबंधातली. पुढे १९९९मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी बीक्रिप्ट आणलं. ते मुद्दाम संथ आहे, आणि संगणक वेगवान होतील तसा संथपणा वाढवत नेता येतो. खऱ्या वापरकर्त्याला पाव सेकंद जास्त लागला तर कळतही नाही. अब्ज अंदाज करायला निघालेल्याचं मात्र कंबरडं मोडतं. वेब ॲप्लिकेशन बांधायच्या आजच्या बहुतेक तयार सांगाड्यांत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, हे आयतं मिळतं. ते सोडून स्वतःचं हॅशिंग लिहायची हौस काहींना असते, ती त्यांनी दुसरीकडे भागवावी.

आता पुन्हा बिल्ल्याकडे. तो चोरायच्या वाटा अनेक आहेत. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्स ब्राउझरचं एक्स्टेंशन, म्हणजे जोड-प्रोग्राम, जाहीर केलं. त्या काळात बऱ्याच साइट लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, ठेवत आणि नंतरचं सगळं उघड्यावर. त्यामुळे पासवर्ड सुरक्षित, पण कुकी प्रत्येक विनंतीसोबत हवेतून उघडी जायची. खुल्या वायफायवर फायरशीप सुरू केलं की आसपासच्या लोकांची खाती यादीत दिसत आणि एका क्लिकवर उघडत. त्रुटी जुनी होती, जाणकारांना ठाऊक होती, पण ती कुणालाही करून बघता येते हे दिसल्यावरच मोठ्या कंपन्या हलल्या. पुढच्या काही महिन्यांत फेसबुक आणि ट्विटरनं पूर्णवेळ एचटीटीपीएसचा पर्याय दिला.

कुकीला ‘सिक्युअर’ ही खूण लावली की ती एचटीटीपीएसखेरीज बाहेर पडत नाही. ‘एचटीटीपी-ओन्ली’ लावलं की पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही, त्यामुळे कुणी पानात घुसडलेला कोडही ती पळवू शकत नाही. ‘सेमसाइट’मुळे दुसऱ्याच साइटनं तुमच्या नावावर विनंती पाठवली तर कुकी सोबत जात नाही. तीन छोट्या खुणा, एका ओळीचं काम, आणि तरी त्या राहून जातात.

त्याहून हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे लॉगिन झाल्याक्षणी सेशनचा क्रमांक बदलणं. चोरी नेहमी नंतरच होते असं नाही. हल्लेखोर आधी स्वतः साइटवर जाऊन क्रमांक मिळवतो, तो काही युक्तीनं तुमच्या ब्राउझरमध्ये बसवतो आणि वाट बघतो. तुम्ही पासवर्ड दिलात की तोच क्रमांक आता लॉगिन झालेला, आणि तो त्याच्याकडे पहिल्यापासून आहे.

आणि लॉगआउट? बटण दाबल्यावर ब्राउझरमधली कुकी पुसली एवढ्यानं भागत नाही. सर्व्हरवरची नोंद खोडली पाहिजे, नाहीतर आधी चोरलेली प्रत चालूच राहते. २०१५मध्ये प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटी टोकनांची अडचण नेमकी इथेच. त्यात खातेदाराची माहिती आणि सर्व्हरची डिजिटल सही दोन्ही असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी डेटाबेस बघावा लागत नाही. वेगासाठी उत्तम, पण दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत परत घेता येत नाही. मग मुदत काही मिनिटांची ठेवायची आणि नवं मिळवण्यासाठी दुसरं टोकन द्यायचं, ज्याची नोंद डेटाबेसमध्ये! ज्या वहीपासून सुटका हवी होती तीच मागच्या दारानं परत येते. एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या साध्या ॲप्लिकेशनला माझ्या मते जुनं सेशनच बरं. ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ हे बटणही त्यात एका ओळीत होतं.

आज चोर मालवेअर, म्हणजे संगणकात घुसवलेला घातक प्रोग्राम, वापरून थेट संगणकातल्या ब्राउझरमधून कुकी उचलतात. पासवर्ड कितीही भक्कम असो, ओटीपी असो की पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेली डिजिटल किल्ली), ते सगळं पहारा देतं लॉगिनच्या दारात. कुकी घेऊन आलेल्याला त्या दारातून जावंच लागत नाही. म्हणून बँका पैसे पाठवताना पुन्हा ओळख पटवायला लावतात, तेव्हा वैतागण्यासारखं त्यात काही नसतं. गुगलनं २०२४मध्ये क्रोमसाठी एक प्रस्ताव मांडला: लॉगिनच्या वेळी एक खासगी किल्ली संगणकाच्या सुरक्षा चिपमध्ये तयार व्हावी, कुकी अल्पायुषी असावी आणि ती वाढवून घेताना ब्राउझरनं किल्ली आपल्याकडेच असल्याचं सिद्ध करावं. म्हणजे पळवलेली कुकी दुसऱ्या यंत्रावर थोड्याच वेळात निरुपयोगी ठरते. चोर त्याच यंत्रात ठाण मांडून बसला असेल, तर मात्र यानंही भागत नाही.