खरी हकिगत नेहमी क्रमवारच असते का?

'ज्याच्यावर खरंच अत्याचार झाला, त्याला तारीख-वेळेसकट सगळं सलग सांगता येतं. सांगण्यात फरक पडला की माणूस खोटा.' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. पटण्यासारखा वाटतो, कारण एवढा मोठा प्रसंग कोणी विसरेल कसा?

पण जबर भीतीच्या क्षणी ताणाची संप्रेरकं वाढतात आणि लक्ष एकवटतं. समोरचं हत्यार, एखादा आवाज किंवा वास पक्का लक्षात राहतो. आजूबाजूचे तपशील, घटनांचा क्रम, किती वेळ गेला, हे निसटू शकतं. म्हणून दुसऱ्यांदा सांगताना क्रम बदलला, नवं काही आठवलं, एवढ्यावरून खोटेपणा सिद्ध होत नाही. (अर्थात खरेपणाही नाही. त्यासाठी इतर पुरावे पाहावेच लागतात.)

हाच समज कायदेविषयक मदतीच्या ऑनलाइन अर्जांतही शिरतो, आणि तिथे तो फार नडतो. असा एखादा अर्ज उघडून पाहा. तारखेचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येतं? 'नक्की आठवत नाही' किंवा 'साधारण अमुक महिना' हा पर्याय आहे? मध्येच थांबलं तर लिहिलेलं जपून राहतं, की पुसलं जातं? तीच हकिगत पुन्हा पुन्हा लिहावी लागते? अचूक तारखेची सक्ती केली की माणूस अंदाज ठोकतो, आणि पुढे तोच अंदाज त्याच्याविरुद्ध विसंगती म्हणून दाखवला जाऊ शकतो.

फक्त पाहणीसाठी खोटी माहिती भरून अर्ज पाठवू मात्र नका.