चार वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यंक १३८ म्हणजे नेमकं काय?

बालवाडीतल्या मुलाचा बुद्ध्यंक १३८ आला की घरात आनंदीआनंद होतो. चार वर्षांनी तोच ११९ येतो आणि आईबाबांच्या पोटात गोळा उठतो. मूल मागे पडलं का? तसं असेलच असं नाही. त्यासाठी आधी हा आकडा कसा काढतात ते बघायला हवं.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे ओळखण्यासाठी. मूल किती वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं, ते त्याचं मानसिक वय. पुढे या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणायची रीत पडली. चार वर्षांचं मूल साडेपाच वर्षांच्या मुलाइतकं करत असेल, तर उत्तर १३८. आठव्या वर्षीही ते दीड वर्षच पुढे असेल, तर साडेनऊ भागिले आठ, म्हणजे ११९. मुलाची आघाडी कायम आहे, फक्त छेद मोठा झालाय.

हे जुनं गणित म्हणून सोडून देता येत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेली बिने-कामत चाचणी आपल्याकडे आजही वापरतात, आणि तिचा बुद्ध्यंक भागाकारानेच निघतो. वेक्सलर या दुसऱ्या प्रकारच्या बुद्धिचाचण्यांमध्ये मात्र मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. तिथे सरासरी १००, आणि १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन मुलं. म्हणून दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून चढ-उतार ठरवणं चूकच. चाचणीची मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते गुण, जुनी असतील तर आकडा आणखी फुगतो, कारण विसाव्या शतकात अनेक देशांत दर दशकाला सरासरी साधारण तीन गुणांनी वाढत गेली.

शिवाय चार वर्षांचं मूल ते! झोप झालेली नसते, समोरच्या ताई अनोळखी असतात, आणि उत्तर येत असूनही ते ओठ मिटून बसतं. लहान वयातला गुण म्हणूनच कमी स्थिर असतो.

अहवाल हातात आला की एकूण आकड्यापाशी थांबू नका. चाचणी कोणती, मानकं कोणत्या वर्षीची आणि गुणांचा पट्टा, म्हणजे खरा गुण ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असू शकतो तो, कुठून कुठपर्यंत, हे मानसतज्ज्ञांना विचारा. मग उपचाचण्या, म्हणजे चाचणीचे वेगवेगळे भाग, बघा. शब्दांत खूप पुढे असलेलं मूल हातांच्या कामात वयाइतकंच असू शकतं. गोष्ट रंगवून सांगणारं ते पोर लिहायला बसलं की रडतं, आणि शाळेत त्याला आळशी म्हणतात.