४.४४८ मध्ये दडलेली पृथ्वी

एक पाउंड-बल म्हणजे ४.४४८ न्यूटन. कोष्टकातला हा आकडा पाहिला की कुणीतरी प्रयोगशाळेत मोजून काढला असावा असं वाटतं. खरं तर तो साधा गुणाकार आहे.

न्यूटनची व्याख्या सरळ आहे: एक किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद एवढा वाढवणारं बल. यात पृथ्वी कुठेच येत नाही. पाउंड मात्र मुळात तराजूतलं माप. त्यानेच ओढही मोजायची सवय पडली आणि एका नावाखाली दोन राशी नांदू लागल्या. एक पाउंड वस्तुमानाला पृथ्वी जितक्या जोराने खाली ओढते, ते एक पाउंड-बल. पण ओढते कुठे? गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर, विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. जागा बदलली की एकक बदलणार, हे कसं चालेल? म्हणून १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेलं ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य इथे घेतात. पुढे १९५९ साली पाउंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅमला बांधला गेला. या दोन आकड्यांचा गुणाकार करा, ४.४४८२२ येतील. दोन्ही आकडे मोजलेले नाहीत, ठरवलेले आहेत. त्यामुळे उत्तरही पक्कं. आणि गंमत म्हणजे चंद्रावर गेलात तरी पाउंड-बल ४.४४८ न्यूटनच राहतं, कारण पृथ्वीची ओढ त्याच्या व्याख्येतच गोठली आहे.

(या दुहेरी नावाला कंटाळून कुणी बलासाठी ‘पाउंडल’ हे वेगळं एकक काढलं, कुणी वस्तुमानासाठी ‘स्लग’. गोंधळ कमी झाला असं म्हणवत नाही.)

तोंडी हिशेबाला एक सोपी युक्ती आहे. न्यूटनचे पाउंड-बल करायचे तर पाव हिस्सा काढा आणि त्यातला दहावा भाग वजा करा. १००० न्यूटनचा पाव २५०, त्यातून २५ गेले, राहिले २२५. खरं उत्तर २२४.८. उलट जायचं असेल तर चौपट करून त्यात त्याचाच नववा भाग मिळवा.

खरा सापळा वेगळाच आहे. किलोग्रॅमचे पाउंड करताना २.२ ने गुणायची सवय असते. न्यूटनचे पाउंड-बल करताना गुणक ०.२२५ आहे. गुरुत्वत्वरण दहाच्या जवळ असल्याने दोन्हींचे आकडे सारखे दिसतात, फक्त दशांशचिन्ह सरकतं. १०० न्यूटनचे २२० पाउंड लिहून मोकळे होणारे म्हणूनच भेटतात. निदान ही चूक दहापट असते, डोळ्यांत भरते.

साडेचारपटीची चूक मात्र खपून जाते. मंगळाकडे निघालेल्या नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाबाबत तेच झालं. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला आवेग (बल गुणिले वेळ) पृथ्वीवरची एक संगणकप्रणाली पाउंड-सेकंदात लिहीत होती आणि मार्ग काढणारे तो न्यूटन-सेकंद समजून वाचत होते. प्रत्येक धक्का प्रत्यक्षापेक्षा ४.४५ पट लहान धरला गेला. एकेक धक्का क्षुल्लक, पण प्रवास नऊ महिन्यांहून जास्त. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापासून सुमारे ५७ किलोमीटरवरून गेलं असावं, असं नंतरच्या हिशेबात निघालं. इतक्या खाली वातावरणात ते टिकणं शक्यच नव्हतं.