साल सुटत नाही? फोन करण्याआधी हे वाचा

(अकरावी-बारावीच्या उद्यानविद्या आणि पशुविज्ञान विषयांचे प्रात्यक्षिक साहित्य आमच्या रोपवाटिकेतून नेणाऱ्या शिक्षकांसाठी)

डिसेंबर ते फेब्रुवारीत आमचा फोन वाजला की पलीकडे बहुधा उद्यानविद्येचे सर किंवा मॅडम असतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तुमच्या खुंटांची साल सुटत नाहीये." (खुंट म्हणजे ज्या गावठी गुलाबावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरायचा, ते पिशवीतलं रोप.) मागे मुलांचा गलका, टेबलावर उघडे चाकू आणि बाहेरून आलेले परीक्षक चहा पीत बसलेले. त्या घटकेला आम्हाला इथून काहीही करता येत नाही. म्हणून हा कागद खुंटांच्या पहिल्या क्रेटबरोबरच देतो. तो ऑफिसात फायलीला लावू नका. झाडांना पाणी घालणाऱ्या शिपाईमामांच्या किंवा मुलांच्या हातात द्या, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यांच्यासाठी आहे.

खुंट खराब नसतो, तहानलेला असतो

डोळा भरणं, म्हणजे एका झाडाची कळी सालीसकट काढून खुंटाच्या सालीखाली बसवणं, कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, ते इथे सांगत बसत नाही. पण एक गोष्ट वर्गात पुन्हा सांगावी. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ, ओला थर असतो. झाडाला पाणी पुरेसं असेल आणि वाढ चालू असेल, तर हा थर नरम राहतो आणि साल चाकूच्या पाठीनं उचलली की पापुद्र्यासारखी वेगळी होते. पाणी तुटलं की वाढ थांबते आणि साल लाकडाला धरून बसते. मग जोर लावला की ती फाटते, धागे निघतात. तशा फटीत कितीही चांगला डोळा बसवला तरी तो लागत नाही.

आता हे घडतं कसं पाहा. खुंट आमच्याकडून गुरुवारी पाणी देऊन निघतात आणि शुक्रवारी शाळेत पोचतात. क्रेट व्हरांड्यात, सिमेंटवर राहतात. शनिवारी अर्धी शाळा, रविवारी सुट्टी. पिशवीत माती ती केवढी, दीड-दोन किलो. थंडीतला कोरडा वारा ती दोन दिवसांत वाळवून टाकतो. सोमवारी सकाळी आठला कुणीतरी झारी फिरवतं आणि दहाला प्रात्यक्षिक सुरू होतं. पानं तोवर टवटवीत दिसायला लागलेली असतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की पाणी दिलं आहे. पण पान दोन तासांत सावरतं, सालीखालच्या थराला दोन-तीन दिवस लागतात. सगळी गफलत या फरकात आहे.

म्हणून क्रेट आले की पिशव्या काढून मातीवर, अर्ध्या सावलीत ठेवा. गच्चीवर नको, पंख्याखाली नको, प्रयोगशाळेच्या कपाटाजवळ तर नकोच. त्याच संध्याकाळी पाणी दोनदा द्या. पहिलं पाणी खालच्या भोकांतून निथळेपर्यंत, मग अर्धा तास थांबून दुसरं. वाळलेली माती पिशवीपासून सुटलेली असते, त्यामुळे पहिलं पाणी कडेकडेनं सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा पुरे. आणि पोचल्यापासून तीन दिवस तरी चाकू लावू नका.

प्रत्येक २५ खुंटांमागे आम्ही लाल सुतळी बांधलेले दोन खुंट जादा देतो, त्यांचे पैसे लावत नाही. ते मुलांना वाटायचे नाहीत, कसोटीचे आहेत. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी त्यातल्या एकावर इंचभर उभा काप घ्या आणि सालीची कड उचला. आतलं लाकूड गुळगुळीत, ओलसर, चकाकतं दिसलं तर उद्या बिनधास्त वर्ग घ्या. साल तुकड्यातुकड्यानं निघाली, आत खरबरीत आणि कोरडं लागलं, तर प्रात्यक्षिक दोन दिवस पुढे ढकला आणि पाणी चालू ठेवा. त्यानंतर दुसऱ्या लाल सुतळीवर पुन्हा पाहा. तरीही साल सुटली नाही तर कापाचा जवळून फोटो पाठवा, आम्ही क्रेट बदलून देऊ. नुसत्या पिशव्यांच्या फोटोवरून आम्हाला काही कळत नाही.

डोळकाड्या वेगळ्या का येतात

डोळकाडी म्हणजे जिच्यावरून डोळे काढायचे ती काडी. "खुंटांबरोबरच काड्या पाठवा, एका खेपेत काम होईल," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. आम्ही पाठवत नाही. खुंट तीन दिवस मुरायला हवा, तर कापलेली काडी दोन दिवसांच्या आत वापरायला हवी. दोन्ही एका गाडीत आले की एकाचं नुकसान ठरलेलं. काड्या आम्ही प्रात्यक्षिकाच्या आदल्या सकाळी कापून एसटीच्या पार्सलनं पाठवतो. ते भाडं वेगळं पडतं हे खरं, पण सुकलेल्या काडीवर वर्गाचा अख्खा दिवस घालवण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

डोळा काढून मुलांना दाखवणं सोपं जावं म्हणून आम्ही शक्यतो ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाच्या काड्या देतो. डोळे मोठे आणि ठसठशीत असतात. काडी नुकतंच फूल होऊन गेलेल्या फांदीची असते. तयार आहे का हे काट्यावरून कळतं: अंगठ्यानं बाजूला दाबला की काटा कट्‌ करून स्वच्छ सुटायला हवा. वाकला तर काडी कोवळी आहे. डोळे मधल्या भागातले घ्या. शेंड्याकडचे कोवळे असतात आणि बुडाकडचे चपटे, उशिरा फुटणारे. पानं आम्ही कापून देतो, देठाचा सेंटीमीटरभर तुकडा मात्र मुद्दाम ठेवतो. तो तोडू नका, त्याचं काम पुढे आहे. काड्या ओल्या वर्तमानपत्रात आणि वरून प्लास्टिकमध्ये येतात, तशाच सावलीत ठेवा. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चालतील, बर्फाच्या कप्प्यात नाही. बादलीत रात्रभर बुडवून ठेवण्याची पद्धत काही शाळांत आहे, ती बंद करावी.

प्रत्यक्ष भरताना

आधी खोडाचा खालचा भाग ओल्या फडक्यानं पुसा. त्या मातीनं चाकूची धार जाते आणि तीच माती कापात जाते. मातीपासून दोन-तीन इंचांवर टी आकाराचा काप घ्या: उभा साधारण अडीच सेंटीमीटर, आडवा एक ते सव्वा. फक्त साल कापायची, लाकडाला चाकू लागला की कर्रकन आवाज येतो आणि मुलांना तो ओळखता यायला हवा. डोळा ढालीच्या आकाराचा, दोन-अडीच सेंटीमीटर लांब काढा आणि मागची लाकडाची कपची हलकेच सोडवा. ती ओढताना डोळ्याच्या पाठीमागे भोक पडलं, तर डोळ्याचा गाभा कपचीबरोबर निघून गेलेला असतो. तो डोळा टाकून द्या.

डोळा काढल्यापासून पट्टी बांधेपर्यंत दोन मिनिटांहून जास्त लागू नयेत, आणि डोळ्याच्या आतल्या बाजूला बोट लागू नये. जुने माळी डोळा ओठांत धरून दुसरा काप घेत. फवारलेल्या झाडांच्या जमान्यात ते मुलांना दाखवू नका.

उलटा डोळा ही दुसरी नेहमीची चूक. घाईत तीसेक मुलांत दोन-तीन जण हमखास तो उलटा बसवतात. देठाचा तुकडा खाली आणि डोळा त्याच्या वर, एवढं फळ्यावर मोठं काढून ठेवा. पट्टी खालून वर गुंडाळत न्या, डोळा आणि देठ उघडे ठेवा. पट्टी कडक हवी, सैल पट्टीखाली हवा शिरते आणि डोळा सुकतो.

दहा-बारा दिवसांनी त्या देठाला बोट नुसतं टेकवा. पिवळा होऊन पटकन गळून पडला तर डोळा लागला. काळा पडून चिकटूनच राहिला तर गेला. त्याच खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरता येतो. तीन-चार आठवड्यांनी डोळा फुगला की पट्टी सोडा आणि खुंट डोळ्याच्या थोडा वर तिरका कापा. पुढे खालून येणारी प्रत्येक फूट काढत राहायची. पानं मोजून गावठी फूट ओळखण्याची युक्ती दर वेळी चालत नाही. ती कुठून निघाली ते बघा. भरल्या जागेच्या खालून आली असेल तर ती खुंटाचीच.

किती घ्यावेत आणि कधी सांगावं

मुलागणिक तीन खुंट धरा. दुकानदारी वाटेल, पण शिकाऊ हाताचा पहिला डोळा वायाच जातो, दुसऱ्यात चूक कळते आणि तिसरा लागण्याची आशा असते. खर्च वाचवायचा असेल तर आधीचे दोन तास जास्वंदीच्या कापलेल्या फांद्यांवर नुसता काप आणि पट्टी शिकवा. त्या फुकट मिळतात आणि साल छान उचलते. मग दोन खुंटांत भागेल.

खुंटाच्या काड्या आम्ही जून-जुलैमध्ये लावतो, पेन्सिलीच्या जाडीचे खुंट नोव्हेंबरपासून मिळू लागतात. दिवाळीपर्यंत आकडा कळवला तर तेवढे तुमच्या नावाने बाजूला ठेवतो. जानेवारीत फोन आला की उरतात एक तर बारीक, नाही तर निबर सालीचे, आणि निबर साल पाणी देऊनही नीट सुटत नाही. शक्यतो दोन खेपांत घ्या. पहिली डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे परीक्षेला प्रकल्प म्हणून फुटलेलं कलम दाखवता येईल. दुसरी परीक्षकांसमोर भरण्यासाठी.

प्रकल्पासाठी तयार कलमं, मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून, आम्ही देत नाही. दर मोसमात कुणीतरी विचारतंच. बागेसाठी तयार कलमं हवी असतील तर ती आमच्याकडे आहेत, आणि चांगली आहेत.

क्रोटन किंवा रबराच्या झाडावर गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या आणणं, दाखवायची असेल तर ती पावसाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये बांधा. साल काढलेल्या अडीच-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडून काढा, नाही तर तिथे पुन्हा साल येते आणि मुळ्या येत नाहीत. मॉस (वाळवलेलं शेवाळ) भिजवून हातानं घट्ट पिळूनच बांधायचं. पाणी टपकणाऱ्या मॉसमध्ये काप कुजतो. फेब्रुवारीत बांधलेल्या गुटीला मुळ्या का आल्या नाहीत, हे कृपया आम्हाला विचारू नका.

दूध तपासणीचं साहित्य नेणाऱ्यांसाठी

लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता पाहण्याचं तरंगतं मापक, चुकीचा दाखवतो अशी तक्रार आली की आधी विचारतो, दूध कधी काढलं? धारेनंतर लगेचच्या दुधात हवा आणि फेस असतो, मापन कमी येतं. तास-दोन तास थांबा, दूध हलक्या हातानं ढवळा, फेस काढा आणि लॅक्टोमीटरवर छापलेलं तापमान पाहून मगच आकडा घ्या. आम्ही २७ अंशांचे देतो. जुन्या पेटीतले १५.५ अंशांचेही असू शकतात, दोन्ही एका टेबलावर ठेवू नका.

दुधातलं फॅट मोजण्याच्या गर्बर पद्धतीत क्रम बदलू नये: आधी १० मिली गंधकाम्ल (सल्फ्युरिक आम्ल), मग १०.७५ मिली दूध नळीच्या कडेनं सावकाश, शेवटी १ मिली अमाइल अल्कोहोल. फॅटच्या थरात काळे कण दिसले तर आम्ल जास्त तीव्र होतं किंवा दूध घाईनं ओतलं गेलं. पांढरा चोथा दिसला तर आम्ल सौम्य पडलेलं आहे. बाटलीचं बूच उघडं राहिलं की गंधकाम्ल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा नवं आम्ल मागवण्याआधी बूच पाहा. नळी बंद केली की फडक्यात धरूनच हलवायची, ती चांगलीच तापते. आम्ल आम्ही पार्सलनं पाठवत नाही, काउंटरवरून शाळेचं पत्र घेऊनच देतो, आणि साठ्याची नोंदवही शाळेनं ठेवायची असते. याला कटकट म्हणणाऱ्यांचा राग आम्ही समजू शकतो, नियम बदलणार नाही.

गाईला खाऊ घालायच्या अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचं बियाणं हवं असेल तर किलोभर न्या, २ बाय १ मीटरच्या खड्ड्याला तेवढं पुरतं. खड्डा वीस सेंटीमीटर खोल, त्यात सिल्पॉलिनचा (जाड प्लास्टिकचा) कागद, वर १० ते १५ किलो चाळलेली माती, २ किलो शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून, आणि मग दहा सेंटीमीटर पाणी. निम्मी सावली हवी. मार्च-एप्रिलच्या उघड्या उन्हात तो लाल पडून बसतो. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट घालत राहा. काढलेला अझोला धुतल्याशिवाय गाईपुढे टाकू नका. शेणाचा वास आला तर ती तोंड फिरवते आणि मुलं वहीत लिहितात की गाय अझोला खात नाही.

रिकामे क्रेट फेब्रुवारीअखेर परत पाठवावेत, अनामत त्याच दिवशी परत मिळते. लाल सुतळ्या त्यातच टाका, पुढच्या वर्षी लागतात.