डिस्कव्हरीचे गाव कुठले?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका भल्यामोठ्या अर्थविषयक कायद्यात साडेआठ कोटी डॉलरची एक लहानशी तरतूद आहे. माणसांना घेऊन अवकाशात जाऊन आलेले एक ‘अवकाशवाहन’ उचलून दुसरीकडे न्यायचे, एवढेच ती सांगते. कोणते वाहन ते कलमात लिहिलेले नाही आणि गावाचेही नाव नाही. तरी वाचणाऱ्या सगळ्यांना दोन्ही ठाऊक आहेत. वाहन म्हणजे वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाला लागून असलेल्या संग्रहालयातले डिस्कव्हरी हे शटल (पुन्हा पुन्हा अवकाशात जाऊन विमानासारखे उतरणारे यान), आणि गाव म्हणजे टेक्सासमधले ह्यूस्टन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेक्सासच्या दोन सिनेटरांनी मांडलेल्या मूळ विधेयकाच्या नावातच शटल ‘घरी’ आणा असे म्हटले होते. घरी, म्हणजे जणू ते इतकी वर्षे परक्याच्या दारात उभे आहे.

या भांडणाचे मूळ शोधायला २०१२ सालाकडे जावे लागते. मात्र त्या सालाचे नाव काढले की कुणालाही भांडण आठवत नाही, विमान आठवते. १७ एप्रिलच्या सकाळी सातच्या सुमारास फ्लोरिडातून एक जुने जम्बो जेट उडाले. त्याच्या पाठुंगळीला डिस्कव्हरी होते. ३९ मोहिमा केलेले, अवकाशात एकूण ३६५ दिवस काढलेले, दोन्ही मोठ्या अपघातांनंतर पुन्हा उडायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा पुढे केले गेलेले हे यान. राजधानीवर पोचल्यावर ही जोडी लगेच उतरली नाही. जमिनीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवरून तिने शहराला घिरट्या घातल्या. मॉलवर (म्हणजे दुकानांच्या नव्हे, राजधानीच्या मधोमध असलेल्या लांबलचक हिरवळीवर) माणसे सकाळपासून जमली होती. कचेऱ्यांच्या गच्च्या भरल्या होत्या, रस्त्याच्या कडेला मोटारी थांबल्या होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी चाके टेकली. त्या दिवशीच्या चित्रफिती आजही पाहाव्यात. आवाज चार इंजिनांचा असतो, पण सगळ्यांची नजर त्या न धडधडणाऱ्या, निपचित पांढऱ्या यानावर खिळलेली असते.

पाठीवर यान घेऊन उडण्याची ही युक्ती संग्रहालयासाठी काढलेली नव्हती. फ्लोरिडात हवा बिघडली की शटल कॅलिफोर्नियाच्या एडवर्ड्स तळावर उतरवावे लागे, आणि तिथून परत न्यायला दुसरा मार्ग नव्हता. तीस वर्षांत ५४ वेळा शटल तिथे उतरले. हे काम करणारी दोन जम्बो विमाने होती. पहिले एका अमेरिकी प्रवासी कंपनीकडून १९७४ साली घेतलेले, दुसरे पुढे जपानहून आलेले. दोन्ही आतून रिकामी करून, शेपटीच्या टोकांना जादा उभे पंख लावून तयार केलेली. यान बसवायच्या खुंट्यांपैकी एकीवर कुणा मिश्किल कामगाराने लिहून ठेवले होते: ‘यान इथे जोडा. सूचना: काळी बाजू खाली.’ थट्टा सोडली तर काम नाजूक होते. शटलच्या उष्णतारोधक टाइल्सना पाऊस चालत नाही, म्हणून सुमारे दीडशे किलोमीटर पुढे दुसरे विमान नुसते ढग बघत जायचे. ओझे घेऊन एका दमात दोन हजार किलोमीटरही गाठणे अवघड, त्यामुळे देश ओलांडायचा तर मुक्काम करत जावे लागे.

संग्रहालयाकडे उडत गेलेले पहिले शटल वेगळेच होते. एंटरप्राइझ अवकाशात कधी गेलेच नाही. १९७७ मध्ये ते जम्बोच्या पाठीवरून हवेत सोडून, तरंगत खाली उतरवून पाहण्यासाठी वापरले गेले. १९८३ साली पॅरिसच्या विमानप्रदर्शनात मिरवून आले, आणि १८ नोव्हेंबर १९८५ रोजी डलसला आणून राष्ट्रीय संग्रहाच्या स्वाधीन केले गेले. तेव्हा त्या संग्रहालयाकडे त्याला ठेवायला जागा नव्हती. ते अठरा वर्षे विमानतळावरच्या एका शेडमध्ये पडून राहिले. मधल्या काळात, २००३ मध्ये कोलंबिया हे शटल कोसळल्यावर (कर्नालची मुलगी त्यात होती, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको), एंटरप्राइझच्या पंखाचा भाग काढून चाचण्यांसाठी नेण्यात आला. वस्तू संग्रहालयात गेली म्हणजे निवृत्त झाली, असे नसते.

आता खरा गुंता. शटलचा कार्यक्रम संपणार हे ठरल्यावर २००८च्या डिसेंबरात अमेरिकी अंतराळ संस्थेने, म्हणजे नासाने, देशभर विचारणा केली की याने कुणाला हवी आहेत. किंमत सांगितली ४ कोटी २० लाख डॉलर. विकत नव्हे, विषारी इंधनाचे अंश काढून यान निर्धोक करणे, सजवणे आणि विमानाने पोचवणे याचा हा खर्च. संग्रहालयांचे डोळे पांढरे झाले. २०१० मध्ये निर्धोक करण्याचा खर्च संस्थेने स्वतःकडे घेतला आणि आकडा २ कोटी ८८ लाखांवर आला. राष्ट्रीय संग्रहालयाला तोही माफ. तरी वीसहून अधिक ठिकाणांहून मागण्या आल्या.

देण्यासारखी होती चार. अवकाशात जाऊन आलेली तीन, आणि डिस्कव्हरी डलसला गेले तर तिथून सुटणारे एंटरप्राइझ. कोणाला द्यायचे याचा निकष २०१० च्या कायद्यात एका वाक्यात घालण्यात आला. ते वाक्य मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पुढची भांडणे त्याच्याच पोटातून निघाली. ज्यांचे शटलच्या उड्डाणाशी, उड्डाण-संचालनाशी किंवा देखभालीशी ‘ऐतिहासिक नाते’ आहे, किंवा ज्यांनी माणसे घेऊन आलेली याने परत आणण्यात भाग घेतला, किंवा ज्यांचे मानवी अवकाशप्रवासात मोलाचे योगदान आहे, त्यांचा विचार अग्रक्रमाने व्हावा, असा त्याचा आशय.

‘किंवा’ किती आहेत ते मोजा. ‘संचालन’ या शब्दावर बोट ठेवून ह्यूस्टन म्हणाले, प्रत्येक मोहीम आमच्या नियंत्रण कक्षातून चालवली, अंतराळवीर आमच्याकडे राहिले आणि शिकले. ‘उड्डाण’ आणि ‘देखभाल’ यांवर फ्लोरिडा. कॅलिफोर्निया म्हणाले, याने बांधली आमच्या पामडेलला आणि उतरली आमच्या एडवर्ड्सला. राहिले न्यूयॉर्क, ज्याचा शटलशी काय संबंध असे विचारणाऱ्यांसाठी ‘परत आणण्यात’ हे शब्द होते. हडसन नदीत उभी असलेली तिथली जुनी विमानवाहू नौका १९६२ आणि १९६५ मध्ये समुद्रात उतरलेल्या दोन अवकाशकुप्या उचलायला गेली होती. एकाच वाक्यात चौघांची वकिली व्हावी इतका तो मसुदा सोयीचा होता. आपल्याकडे माणसाला ‘गाव कुठलं?’ असे विचारले की जन्मगाव सांगायचे, वडिलांचे सांगायचे, की नोकरीचे, हे समोरचा कोण आहे त्यावर ठरते. इथे तसेच झाले.

१२ एप्रिल २०११ रोजी, पहिल्या शटलच्या उड्डाणाला तीस आणि माणसाच्या पहिल्या अवकाशउड्डाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, यादी जाहीर झाली. डिस्कव्हरी डलसला, अटलांटिस फ्लोरिडात, एंडेव्हर लॉस एंजेलिसला, एंटरप्राइझ न्यूयॉर्कला. ह्यूस्टनच्या पदरात काहीच नाही. टेक्सासमधून आरोप झाला की राजकारण झाले. चौकशी बसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या महानिरीक्षकांच्या अहवालात राजकीय दबावाचा पुरावा सापडला नाही, असे म्हटले होते. निवड करताना वजन दिले गेले ते जास्तीत जास्त माणसांना, परदेशी पाहुण्यांनाही, यान बघता यावे याला.

त्याच अहवालात एक चूक मात्र निघाली, आणि ती ह्यूस्टनच्या बाबतीत नव्हती. गुण देताना ओहायोतल्या डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला कमी गुण पडले होते. बेरीज नीट झाली असती तर ते न्यूयॉर्क आणि फ्लोरिडाच्या बरोबरीला आले असते. दहावीच्या गुणपडताळणीत एखाद्याचे मार्क वाढावेत आणि कॉलेजने म्हणावे की प्रवेश झाले, आता यादी बदलत नाही, तसा हा प्रकार. संस्थेच्या प्रमुखांचे म्हणणे होते की गुण बरोबर असते तरी त्यांनी हाच निर्णय घेतला असता. मग गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न डेटनकरांनी विचारला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. माझ्या मते या वाटपात खरा अन्याय झाला असेल तर तो डेटनवर. पण आवाज मोठा ह्यूस्टनचा होता आणि आजही आहे.

ह्यूस्टनला मग फ्लोरिडात ठेवलेली शटलची पूर्णाकृती प्रतिकृती मिळाली. २०१२च्या जूनमध्ये ती बार्जवरून (सपाट मालवाहू नौकेवरून) आली. सिएटलला सरावाचे लाकडी यान गेले, डेटनला सरावाची केबिन.

खऱ्या यानांचे प्रवास त्या वर्षभर चालले. २७ एप्रिलला एंटरप्राइझ न्यूयॉर्कवरून, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून गेले. नंतर नदीतून बार्जवर नेताना रेल्वेपुलाजवळ त्याचा पंख घासला, आणि ऑक्टोबरात सँडी वादळात वरचा फुगवलेला मंडप फाटून त्याच्या शेपटीला मार बसला. एवढा मार त्याने चाचण्यांतही खाल्ला नव्हता. एंडेव्हरचा प्रवास सर्वांत लांब आणि सर्वांत मुद्दाम आखलेला. १९ सप्टेंबरला फ्लोरिडाहून निघून ते ह्यूस्टनला एक रात्र थांबले. ज्यांना यान मिळाले नाही त्यांना एका रात्रीचे दर्शन, असाच त्याचा अर्थ तिथे घेतला गेला असणार. २१ तारखेला त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटवरून जात लॉस एंजेलिसला फेऱ्या घातल्या. ऑक्टोबरात विमानतळावरून संग्रहालयापर्यंतचे सुमारे १९ किलोमीटर ते रस्त्याने गेले. पंखांना वाट करून द्यायला चारशेच्या आसपास झाडे तोडावी लागली, त्यावरून रहिवाशांनी आवाज उठवला आणि बदल्यात जास्त झाडे लावायचे कबूल करून घेतले. अटलांटिसला उडावे लागलेच नाही. नोव्हेंबरात ते गाडीवरून पलीकडच्या आवारात गेले.

आता पुन्हा २०२५कडे. यावेळी गुंता ‘ऐतिहासिक नाते’ या शब्दांत नाही, ‘मालकी’त आहे. २०१२ मध्ये डिस्कव्हरी देताना अंतराळ संस्थेने त्यावरचे सर्व हक्क, स्वामित्व आणि हितसंबंध संग्रहालयाकडे सोपवले. ते उसने दिले नव्हते. संग्रहालय म्हणते, वस्तू आमची, आणि आम्ही ती देशाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतो. ह्यूस्टनची बाजू घेणारे विचारतात, संग्रहालयाला निम्म्याहून जास्त पैसा सरकारचा, मग सरकारने मागितल्यावर नाही कसे म्हणणार? नव्या कलमातही जुनी सवय दिसते. यान अशा केंद्राकडे न्यायचे, ज्याचा खासगी याने वापरून अंतराळवीर पाठवण्याच्या कार्यक्रमाच्या प्रशासनाशी संबंध आहे. ह्यूस्टनचा आहे. फ्लोरिडाचाही आहे.

साडेआठ कोटींपैकी प्रवासासाठी किमान ५० लाख खर्चावेत, असे कलम सांगते. संग्रहालय आणि अंतराळ संस्था यांचा अंदाज १२ ते १५ कोटींचा, ठेवायची नवी इमारत वेगळी. कारण साधे आहे. सुमारे ३७ मीटर लांब, २४ मीटर पंखांचे, चोवीस हजारांच्या घरात टाइल्स असलेले हे यान उडवत नेण्याची सोय उरलेली नाही. रस्त्याने आणि पाण्याने न्यायचे तर काही प्रमाणात सुटे करावे लागेल, असे २०२५च्या ऑक्टोबरात संग्रहालयाने संसदेला कळवले. सुटे केलेले शटल पुन्हा जसेच्या तसे जोडण्याचा अनुभव कुणाच्याच गाठीशी नाही. फ्लोरिडात याने जोडणारी-सोडवणारी उंच लोखंडी चौकट होती. डलसला २०१२ मध्ये ते काम दोन मोठ्या क्रेन लावून केले, तेही ज्यांचे हात त्या कामाला सरावलेले होते अशा माणसांनी.

आणि जम्बो? जपानहून आलेले कॅलिफोर्नियाच्या पामडेलला उघड्यावर उभे आहे. दुसरे, ज्याने २०१२ मध्ये डिस्कव्हरी, एंटरप्राइझ आणि एंडेव्हर या तिघांना पोचवले, ते २०१४ मध्ये सुटे करून रस्त्याने नेले आणि पुन्हा जोडले गेले. २०१६ पासून लोक त्याच्या पोटात शिरून प्रदर्शन पाहतात. ते उभे आहे ह्यूस्टनलाच, पाठीवर ती फ्लोरिडाहून आलेली प्रतिकृती घेऊन.